पहिली पुडी कितव्या वर्षी?

महाराष्ट्रातील किशोरवयीन मुलांच्या व्यसनांची चर्चा बहुतेक वेळा रेव्ह पार्टी, एमडी आणि हुक्का पार्लर यांच्याभोवती फिरते. बातम्याही त्यांच्याच होतात. प्रत्यक्षात राज्यातील बहुसंख्य मुलांची नशेशी पहिली ओळख तंबाखूमुळे होते, आणि तीही ओढायच्या नव्हे, तर चघळायच्या, गालात धरायच्या किंवा दातांना लावायच्या तंबाखूमुळे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी २०१९ मध्ये देशभर शाळाशाळांतून तंबाखू पाहणी केली. १३ ते १५ वर्षे वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी आपण सध्या तंबाखू वापरतो असे तिच्यात सांगितले. मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के, म्हणजे फरक समजतो तेवढा मोठा नाही. २००९ च्या पाहणीत हेच एकूण प्रमाण १४.६ टक्के होते. दहा वर्षांत झालेली ही घट खरीच मोठी आहे.

मात्र याच पाहणीतला दुसरा आकडा झोप उडवणारा आहे. कधी ना कधी सिगारेट ओढलेल्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी, बिडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि बिनधुराची तंबाखू खाल्लेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी पहिला अनुभव दहावा वाढदिवस होण्याआधीच घेतला होता. हे फार तर चौथीचे वय. कॉलेजात गेल्यावर पोर बिघडते, ही घरोघरची समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय ही पाहणी वर्गात बसलेल्या मुलांची. शाळा सोडून वीटभट्टीवर, उसाच्या फडात किंवा गॅरेजमध्ये कामाला लागलेली मुले तिच्यात येतच नाहीत, आणि व्यसनाचा धोका नेमका त्यांना अधिक असतो.

प्रौढांच्या पाहणीत महाराष्ट्राचे चित्र काहीसे चमत्कारिक दिसते. १५ वर्षांवरील लोकांतील तंबाखूचा वापर २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होता. २०१६-१७ मध्ये तो २६.६ टक्क्यांवर आला. धूम्रपान तर जेमतेम ४ टक्के, म्हणजे देशातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. पण त्याच काळात १५ ते १७ वर्षांच्या गटातील वापर २.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर गेला. देशभर या वयोगटात घट होत असताना महाराष्ट्रात मात्र वाढ झाली. थोरले सोडत होते आणि धाकटे धरत होते.

ही सवय बहुधा घरातूनच लागते. ‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये’ असे म्हणून पोराला टपरीवर पिटाळणाऱ्या वडिलांना किंवा आजोबांना आपण काही वावगे करतो आहोत असे वाटत नाही. मुलाला मात्र दुकान, भाव आणि मळण्याची रीत सगळे आपोआप कळते. मुलींच्या बाबतीत हे काम मशेरी करते. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड दात घासायला म्हणून वापरली जाते, त्यामुळे ती व्यसनात मोजलीच जात नाही. दात दुखतो, पोट साफ होत नाही, अशा तक्रारींवर आई-आजीच मुलीच्या बोटावर चिमूटभर मशेरी ठेवते. काही महिन्यांत ती लावल्याशिवाय सकाळ सुरू होत नाही.

विदर्भात हीच गोष्ट खर्ऱ्याची. पानठेलेवाला कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेतो, त्यावर पाण्याचा हबका मारतो, पन्नी गुंडाळतो आणि तळहाताखाली जोर लावून घोटतो. मिश्रण ओलसर आणि तपकिरी झाले की त्याच पन्नीला गाठ मारून ते गिऱ्हाइकाच्या हातात पडते. एक खर्रा चौघांत वाटून खाणे हा तिथला रिवाज आहे, आणि त्या चौघांत एखादा नववीतला मुलगाही असतो. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जाते. सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाचे आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, तिखट सोसत नाही, अशा तक्रारी घेऊन विशीच्या आतली मुलेही दातांच्या डॉक्टरांकडे येतात. सुगंधी सुपारीच्या रंगीत पुड्या शाळेच्या वाटेवर गोळ्या-चॉकलेटांच्या शेजारीच टांगलेल्या असतात, हे लक्षात घेतले की या रुग्णांचे वय पाहून आश्चर्य वाटत नाही.

कायदे मात्र भरपूर आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकायलाही बंदी आहे. या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २०० रुपये! उलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एकाच कृत्यावर एक कायदा चहा-नाश्त्याच्या खर्चाएवढा दंड करतो आणि दुसरा तुरुंगात पाठवतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून लागू आहे. पण तंबाखूविरहित पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी एकत्र घेऊन तळहातावर मिसळली, की गुटखा तयार होतो. सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी केली. तो निर्णय योग्यच होता, कारण शाळकरी मूल अख्खे पाकीट घेत नाही, एक सिगारेट घेते. टपऱ्यांवर आज काय चालते, ते कोणीही उभे राहून पाहावे.

वयाचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. सुख, उत्तेजना, बक्षीस यांना प्रतिसाद देणारी मेंदूची यंत्रणा वयात येतानाच जोरात काम करू लागते. परिणामांचा विचार करून हात आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पक्का होतो. मधली दहा-बारा वर्षे ओढ जास्त आणि लगाम सैल अशी जातात. त्यात सोबतीचा परिणाम वेगळाच. २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळातून दाखवून दिले, की मित्र शेजारी असले तर किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करतात. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘आमचा मुलगा समंजस आहे’ हे आईवडिलांचे म्हणणे खोटे नसते. ते घरातल्या मुलाबद्दल असते, कट्ट्यावरच्या नव्हे. निकोटीनच्या बाबतीत तर रोज ओढायला लागण्याआधीच, काही आठवड्यांत तलफेची लक्षणे दिसू लागल्याची उदाहरणे आहेत.

दारूचेही असेच. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीवर आधारित १९९७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी तिच्या आहारी गेले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. लवकर पिणे हेच त्याचे एकमेव कारण, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. ज्या घरातल्या अडचणींमुळे मूल लवकर पिते, त्याच अडचणी पुढेही त्याची पाठ सोडत नाहीत. तरीही सुरुवात जितकी लांबेल तितके बरे, याबद्दल तज्ज्ञांत फारसे दुमत नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. या वयाची विचारपूस कितपत होते, हे वाइन शॉपच्या खिडकीपाशी कळते. मुलांची सुरुवात बहुधा थर्टी फर्स्ट, वाढदिवस, वरात किंवा परीक्षा संपल्याच्या रात्री होते. रोज थोडी घेण्याऐवजी क्वचित, पण एका बैठकीत भरपूर, ही या वयाची तऱ्हा. अपघात, मारामाऱ्या आणि पोहायला उतरून बुडणे हे तिचे तातडीचे परिणाम. यकृताची पाळी खूप नंतर येते.

अमली पदार्थांबाबत दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. बाकी सर्व नशा प्रौढांत जास्त होत्या. फक्त हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, थिनर यांचे प्रमाण १० ते १७ वर्षांच्या मुलांत प्रौढांच्या सुमारे दुप्पट निघाले. या नशेतून बाहेर पडण्यासाठी मदतीची गरज असलेली ४.६ लाख मुले देशात आहेत, असा त्या अहवालाचा अंदाज होता. रेल्वे स्थानकावर रुमालाचा बोळा नाकाशी धरून बसलेले पोर प्रवासी रोज पाहतात आणि पुढे जातात. ही नशा स्वस्त आहे, कोणत्याही स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते, भूक मारते आणि तिच्यामागे तस्कर नसल्याने पोलिसांना तिच्यात रस नसतो. वाफांनी हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

मोठ्या शहरांतल्या नशा पिढीगणिक बदलत गेल्या. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, थैमान घातले. त्याच काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. गर्द परदेशातून चोरट्या मार्गाने यायची. आजची एमडी, म्हणजे मेफेड्रोन, इथल्याच औद्योगिक वसाहतींतल्या रसायनांपासून बनते. २०१५ मध्ये तिचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला, पण धंदा थांबला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या कारखान्यावर पडलेल्या छाप्यात शेकडो किलो माल सापडला. मराठवाडा आणि खानदेशात झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्यांची नशा पसरली आहे. ‘बटन’ आणि ‘कुत्ता गोळी’ ही त्यांची बाजारातली नावे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा या गोळ्या चिठ्ठीविना हातोहात फिरतात. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून पूर्ण बंदी आहे, तरी शहरांतल्या मुलांच्या दप्तरांत ती सापडते. पेनड्राइव्हसारखी दिसते आणि तिला फळाचा वास येतो, त्यामुळे शिक्षकांच्या ती चटकन लक्षातही येत नाही.

एकाच वर्गातली चाळीस मुले एकाच टपरीवरून जातात, मग अडकतात ती थोडीच का? आनुवंशिकतेचा वाटा आहे. दारूच्या आहारी जाण्याच्या प्रवृत्तीत तो सुमारे निम्मा धरला जातो. अतिचंचलता, नैराश्य, सततची धास्ती यांवर उपचार झाले नाहीत तर मूल नशेतच स्वतःपुरता उपाय शोधते. बालपणीच्या जखमांचे पारडेही जड असते. अमेरिकेत सॅन डिएगो येथे झालेल्या १९९८ च्या अभ्यासात मारहाण, लैंगिक छळ, घरातील व्यसनी माणूस, आईवर होणारा अत्याचार असे अनुभव मोजले गेले. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये पुढे दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी वाढलेला दिसला. वर्गात सतत मागे पडणारे, ‘ढ’ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलेले मूलही याच वाटेवर असते. शाळेत त्याला किंमत नसते, कट्ट्यावर असते.

याउलट, घरात किमान एक तरी माणूस मुलाचे ऐकून घेणारा असणे आणि संध्याकाळी मूल कुठे व कोणाबरोबर आहे हे घरच्यांना ठाऊक असणे, या दोन गोष्टी मोठे संरक्षण देतात. आइसलँडने हेच सूत्र देशभर राबवले. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुले महिन्याभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले आणि रोज सिगारेट ओढणारी मुले २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. त्यांनी भाषणे कमी केली. खेळ आणि संगीतासाठी सरकारी पैसा दिला, पालकांचे करार केले, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेचे बंधन घातले आणि दरवर्षी शाळाशाळांची पाहणी करून निकाल त्या त्या गावापुढे ठेवले. आपल्याकडे ३१ मे (तंबाखूविरोधी दिन) आणि २६ जूनला (अमली पदार्थविरोधी दिन) प्रभातफेरी निघते, पोस्टर स्पर्धा होते, शपथ घेतली जाते. नुसती भीती घालून आणि माहिती देऊन मुलांचे वर्तन बदलत नाही, हे अमेरिकेने १९८३ पासून ‘डेअर’ या पोलिसी व्याख्यान-उपक्रमावर अमाप पैसा घालवून अनुभवले आहे.

मूल अडकले असल्याचा संशय आला तर मारहाण, कोंडून ठेवणे किंवा ‘लग्न करून दिले की सुधारेल’ ही वाट धरू नये. अचानक बदललेले मित्र, घरातून नाहीसे होणारे पैसे, उतरलेले गुण, झोपेची उलटापालट ही लक्षणे नैराश्याचीही असू शकतात, म्हणून आधी बोलावे आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, इतर व्यसनांसाठी १४४४६ आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ या सरकारी मदतवाहिन्या आहेत. फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि तो पालकही करू शकतात.