फुलं बोलतात, हात मुके राहतात

१० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. त्या दिवशी तिच्या डोक्यावर राजमुकुट नव्हता, संत्र्याच्या फुलांची माळ होती. संत्र्याच्या झाडावर फूल आणि फळ एकाच वेळी दिसतं. त्यामुळे हे पांढरं फूल म्हणजे पावित्र्यही आणि भरल्या कुशीचा आशीर्वादही! राणीचं पाहून घरोघरच्या इंग्रज नवऱ्यामुली हीच फुलं माळू लागल्या.

घरंदाज बाईनं मनातलं उघड बोलायचं नाही, असा तो काळ. मग टोपीवरची, केसांतली, छातीशी खोवलेली फुलं बोलू लागली. लाल गुलाब म्हणजे प्रेम, व्हायोलेट म्हणजे विनय, आयव्हीचा वेल म्हणजे निष्ठा.

या भाषेचं एक मूळ तुर्कस्तानात सापडतं. १७१७-१८ मध्ये लेडी मेरी मॉन्टेग्यू तिथे राहत होती. फुलं, फळं, मसाले पाठवून निरोप देण्याची रीत तिनं पत्रांतून कळवली. तिथे प्रत्येक वस्तूला एकेक काव्यपंक्ती ठरलेली असे. पुढे १८१९ मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या नावानं फुलांच्या भाषेचं पुस्तक निघालं. इंग्लंडमध्ये १८८४ साली केट ग्रीनवेचं सचित्र पुस्तक आलं. गंमत अशी, की पुस्तकागणिक अर्थ बदलत. एकीचं 'हो' दुसरीला 'नाही' वाटायची धास्ती!

पण खरी फुलं कोमेजतात. म्हणून कापडाची, मेणाची फुलं आली. त्यांची पानं हिरवीगार दिसावीत म्हणून त्यांवर तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, यांपासून केलेली पूड लावत. लंडनमध्ये मॅटिल्डा शॉयरर ही १९ वर्षांची मुलगी हेच काम करायची. नोव्हेंबर १८६१ मध्ये त्या विषानं ती गेली. पुढच्या वर्षी रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी 'द टाइम्स'मध्ये लिहिलं, की डोक्यावरच्या अशा एका साजात वीस माणसं मारण्याइतकं विष असतं.

ते माळणाऱ्या बाईच्या त्वचेलाही त्रास होई; पण तिला तो साज रात्रीपुरता. करणारीच्या नखांत, श्वासात तो दिवसभर असे.

मी कवी माणूस. फुलांच्या उपमा आयुष्यभर उधार घेत आलो. आता 'फूल' हा शब्द लिहिताना हात जरा थबकतो. त्या पुस्तकांत आयव्हीच्या पानाचा अर्थ 'निष्ठा' असा दिलेला आहे. मॅटिल्डाच्या हातचं पान मात्र काय सांगत होतं, ते वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं.