मालिका घरी, खर्च बेताचा

ओटीटी ॲपची वर्गणी भरण्याआधी मालिका ठरवावी. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह व कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असतात. उदाहरणार्थ, साताऱ्याच्या मातीतली ‘लागिरं झालं जी’ (२०१७) झी मराठीची, म्हणून ती झी फाइव्हवर. सर्वांत स्वस्त योजना बहुधा मोबाइलपुरतीच असते. टीव्हीवर ती चालते का, हे नीट तपासावे. खरा खर्च डेटाचा. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, म्हणजे मोबाइल पॅकच्या रोजच्या दीड जीबीत तासभरही निघेलच असे नाही. त्यामुळे सातारा, सांगली, मिरजेत घरी ब्रॉडबँड असेल तर उत्तम. पाटण-जावळीच्या डोंगरी वाड्यांत रेंज टिकत नसेल, तर २००४ मध्ये सुरू झालेली डीडी फ्री डिश सर्वांत भरवशाची: डिश व सेट टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक भाडे नाही आणि सह्याद्री वाहिनीही मिळते.