आठवीच्या वर्गाचा ताळेबंद

व्यापारी घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट फार लवकर उमगते. वर्षअखेरीस गल्ल्यात किती शिल्लक आहे, एवढ्यावरून दुकान कसे चालले ते ठरत नाही. आरंभी भांडवल किती होते, माल कोणत्या भावाने आला, उधारी किती थकली, हे पाहिल्यावाचून नफ्याचा आकडा खरा ठरत नाही. शाळेची पारख करताना मात्र ही चोख नजर बाजूला राहते. निकालाची टक्केवारी पाहिली जाते आणि शाळा चांगली की वाईट, याचा निवाडा होतो. जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या सहावी ते आठवीच्या वर्गांवर, म्हणजेच उच्च प्राथमिक शाळांवर, हा शिक्का सर्वांत लवकर बसतो.

वर्गात कोण बसते?

पन्नास-साठ वर्षांपूर्वी तालुक्याच्या अनेक बाजारपेठांत पेढीवरच्या शेठजींचा मुलगा आणि त्याच पेढीवरील हमालाचा मुलगा नगरपालिकेच्या एकाच शाळेत जात. घरी मारवाडी, गुजराती किंवा कन्नड बोलणारी जैन मुले मराठी तेथेच शिकली. पुढे ऐपतीची कुटुंबे खासगी इंग्रजी शाळांकडे वळली. आज त्या बाकांवर शेतमजूर, हमाल, वीटभट्टी कामगार आणि ऊसतोड मजूर यांची मुले अधिक दिसतात. कित्येकांच्या घरात आठवीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच मूल असते.

याचा परिणाम वर्गावर होतो. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. जे मूल त्यातील निम्मे दिवस उसाच्या फडावर असते, त्याच्या आणि शिकवणीला जाणाऱ्या मुलाच्या गुणांची तुलना करून शाळेचा कस कसा लागणार? हंगामी वसतिगृहांची व्यवस्था म्हणूनच महत्त्वाची. आईवडील फडावर गेले तरी मूल गावातच राहून शिकू शकते.

अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. मुलांच्या यशातील फरकामागे इमारत आणि साधने यांपेक्षा घरची पार्श्वभूमी अधिक असते, असे त्यातून पुढे आले. वर्गातील सोबत्यांचाही परिणाम होतो, हेही दिसले. सुस्थितीतील घरे शाळा सोडून जातात, तेव्हा मागे राहिलेल्यांची सोबतही घटते, हा त्यातील व्यापारी समाजाने ध्यानात घ्यावा असा भाग आहे.

आकडे काय सांगतात?

‘असर’ या ग्रामीण भारताच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल घ्यावा. आठवीतील शंभरांपैकी सुमारे ७१ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित सुमारे ४६ मुलांनाच जमले. ही पाहणी घरोघरी जाऊन होते, त्यामुळे तिच्यात खासगी शाळांतील मुलेही असतात. भागाकार न येण्याचा दोष केवळ सरकारी पाटीचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अर्थात घरची परिस्थिती ही शिक्षकाच्या आळसाची ढाल होऊ नये. सहावीत भागाकार न येणारे मूल आठवीच्या अखेरीस तो करू लागले, तर त्या शाळेने खरी कमाई केली. आधीच येत असलेल्या मुलाने नव्वद टक्के मिळवले, तर त्यात शाळेचा वाटा किती, हे तपासावे लागते.

जुना वारसा

जैन समाजाला हा विचार परका नाही. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील जैनांमधील साक्षरता सुमारे ९५ टक्के, म्हणजे देशातील प्रमुख धर्मसमुदायांत सर्वाधिक होती. याच समाजात, कुंभोज येथे १८८७ साली कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग समाजाला भूषणावह नाही, तरी तो विसरण्याजोगाही नाही. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले.

घराघरांतून काय होऊ शकते?

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत ज्ञानदानाची वाट येथे अगदी सोपी आहे. आठवीत ‘राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती’ची परीक्षा होते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुले तिला बसू शकतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पुष्कळदा अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, अर्जापाशी, नुसत्या माहितीपाशी. दुकानातील हमालाचे, घरी येणाऱ्या मावशींचे मूल आठवीत आहे का, हे विचारायला पैसे लागत नाहीत. पेढीवरच्या दिवाणजींना अर्ज भरायला अर्धा तास पुरतो.

शाळेला पंखा दिला तर त्यावर नाव लागते, ते द्यावेच. पण निवृत्त झालेले एखादे आजोबा आठवड्यातून दोन दिवस त्याच वर्गात बसून पाच-सहा मुलांकडून भागाकार पक्का करून घेतील, तर ते दान अधिक मोलाचे ठरेल. आयुष्यभर तोंडी हिशेब केलेल्या माणसाइतका या कामास योग्य दुसरा कोण? शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. आठवीची परीक्षा झाली की कुणी नववीत जाते आणि कुणी कोयता हाती घेते. हातात असलेला अवधी तेवढाच आहे.