उत्तर आहे, पण रीत?

शेवटची पाळी ०३/०४. तपासणी २५ जूनला. हिमोग्लोबिन १०.७. समजा, गरोदर मातांच्या रजिस्टरमधली ही एक ओळ एक्सेलमध्ये भरली गेली आणि ती फाइल नवी मुंबईत महापेतल्या एखाद्या ऑफिसात विश्लेषणासाठी आली. प्रश्न एवढाच, या बाईला ॲनिमिया आहे की नाही?

सिस्टरनी तारीख आपल्याकडच्या पद्धतीने लिहिलेली आहे, म्हणजे ३ एप्रिल. तिथपासून २५ जूनपर्यंत ८३ दिवस होतात. बारावा आठवडा चालू, पहिली तिमाही. पहिल्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की ॲनिमिया. म्हणजे हिला आहे. पण कॉम्प्युटरमधली तारखेची मांडणी अमेरिकी असेल, तर तो हेच आकडे ४ मार्च असे वाचतो. मग ११३ दिवस भरतात, सतरावा आठवडा लागतो आणि बाई दुसऱ्या तिमाहीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दुसऱ्या तिमाहीची मर्यादा १०.५वर आणली. त्या नियमाने तीच बाई निरोगी ठरते. रक्त तेच, रजिस्टर तेच. तारीख १३ किंवा त्यापुढची असती तर कॉम्प्युटर निदान अडखळला असता. इथे तो हूं की चूं करत नाही.

शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं की मार्क कापले जायचे. बाई विचारायच्या, रीत कुठे आहे? आणि भागाकार झाला की ताळा करून पाहायला लावायच्या. आरोग्याच्या अभ्यासांत मात्र पुष्कळदा नुसती उत्तरं छापली जातात. ‘इतके टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी’ हे वाक्य आपण वाचतो. रजिस्टरमधल्या ओळीपासून त्या वाक्यापर्यंत कुणी काय काय केलं, ते कुठेच नसतं. ते लिहून ठेवायचं, तेही असं की दुसऱ्या माणसाने तीच फाइल घेऊन त्याच पायऱ्या चढल्या तर त्याला तेच उत्तर मिळावं. ताळा करता येणारं विश्लेषण म्हणतात ते हेच.

महापेला मी हेच काम करते. ठाणे-बेलापूर रस्ता आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या या पट्ट्याची ओळख पूर्वी कारखान्यांची होती. आता मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या संकुलांत आणि डेटा सेंटरच्या बंदिस्त इमारतींत माहिती साठवली जाते, निवडली जाते, मोजली जाते. याच पट्ट्यातल्या एमआयडीसीत सकाळच्या शिफ्टला डबा घेऊन येणाऱ्या कंत्राटी कामगार बायका असतात. त्यांच्यातली एखादी सहाव्या महिन्याची असते आणि रस्ता ओलांडताना मध्येच थांबून श्वास घेते. आमच्या पडद्यावरच्या ओळी अशाच कुणाच्या तरी असतात, हे मला विसरायचं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया आढळला. देशाचा आकडा ५२.२ टक्के. ही पाहणी करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था वाशीचा खाडीपूल ओलांडला की देवनारला आहे, आणि नावं वगळलेल्या मूळ नोंदी अभ्यासकांना मिळतात. देशाच्या आरोग्यपाहणीचा ताळा कुणाही अभ्यासकाला करता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे.

या नोंदींवर पहिल्यांदा काम केलं तेव्हा माझी मोठी चूक झाली. त्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन दशांश चिन्हाशिवाय असतं. १०८ म्हणजे १०.८. बाईने चाचणीला नकार दिला तर त्याच रकान्यात ९९५ लिहितात, ती हजर नसेल तर ९९४. मी सरसकट दहाने भागलं. नकार देणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन ९९.५ झालं आणि ११च्या वर म्हणून त्या सगळ्या निरोगी गटात जाऊन बसल्या. ॲनिमियाचं प्रमाण खाली आलं. तक्ता इतका छान दिसत होता की मी तो तसाच पुढे पाठवला. एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी फक्त एक प्रश्न विचारला, “या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा किती गं?” चूक तिथेच कळली. पण ती नेमकी कोणत्या पायरीवर झाली, ते शोधायला तीन दिवस लागले, कारण मी सगळं माऊसने क्लिक करत केलं होतं आणि क्लिक कुठे लिहिलेले नसतात.

त्याच फाइलमध्ये प्रत्येक बाईपुढे एक भारांक असतो. नमुना निवडताना काही भागांतली घरं लोकसंख्येच्या मानाने जास्त घेतलेली असतात, काही कमी. भारांक तो तोल सावरतो. तो दहा लाखांनी भागून वापरायचा. वापरला नाही तर टक्केवारी वेगळी येते, आणि वाचणाऱ्याला ती भारांकाची आहे की बिनभारांकाची, हे कळायला मार्ग नसतो.

मग प्रश्न येतो रेषेचा. ११ की १०.५? गरोदरपणात रक्तातला पातळ भाग जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने वाढत नाहीत. डाळ थोडी वाढवली आणि पाणी पुष्कळ घातलं तर वरण पातळ होणारच. दुसऱ्या तिमाहीतली मर्यादा खाली आणण्यामागे हे कारण आहे. उंचीचाही हिशेब असतो. विरळ हवेत शरीर जास्त हिमोग्लोबिन तयार करतं, म्हणून उंचावरच्या माणसाच्या आकड्यातून थोडं वजा करतात. पूर्वी ही वजाबाकी १,००० मीटरपासून सुरू होई. नव्या नियमात ५०० मीटरपासून ०.४ वजा करायचं आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. म्हणजे पहिल्या तिमाहीत ११.२ हिमोग्लोबिन असलेली स्त्री समुद्रसपाटीजवळच्या महापेत निरोगी आणि पुण्यात १०.८ धरून ॲनिमियाग्रस्त. जुन्या नियमाने ती दोन्हीकडे निरोगीच होती. २०२०चा अहवाल आणि २०२५चा अहवाल शेजारी ठेवून ‘पुण्यात ॲनिमिया वाढला’ अशी बातमी करण्याआधी कुणीतरी हे विचारायला हवं.

रेषा कुठे ओढायची, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. किती उष्मांकांच्या खाली माणूस कुपोषित, यावर अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्यात वर्षानुवर्षं वाद झाला. दोघांनी आपापली गृहीतकं आणि गणित छापून मांडलं, म्हणून आजचा विद्यार्थीही तो वाद उघडून पायरी पायरीने तपासू शकतो.

आकडा फाइलमध्ये येतो त्याआधीही बरंच घडलेलं असतं. बोटाला सुई टोचून थेंब घेताना बोट दाबलं तर ऊतींतलं पाणी रक्तात मिसळतं. शिरेतलं रक्त प्रयोगशाळेच्या यंत्रावर तपासलं की आकडा अधिक भरवशाचा असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तीच आहे. राष्ट्रीय पाहणीत बोटाचंच रक्त घेत. पुढे सहाव्या फेरीतून ही चाचणी वगळली आणि ते काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या पाहणीकडे गेलं, तिथे शिरेतलं रक्त घेतात. कोडमध्ये कितीही काटेकोर असलो तरी टोचलेल्या बोटाची चूक कोडने निघत नाही. पण थेंब बोटाचा होता की शिरेचा, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिता येतं, आणि ते लिहायलाच हवं.

आणखी एक सापळा लाल गोळ्यांचा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस घ्यायला सांगतात. किती जणींनी घेतली, याचा पाहणीतला आकडा मागच्या पाच वर्षांत बाळंत झालेल्या बायकांचा असतो. गरोदरपणातल्या ॲनिमियाचा आकडा आज गरोदर असलेल्यांचा. बायकाच वेगळ्या! दोन्ही रकाने शेजारी ठेवून गोळ्यांचा उपयोग झाला की नाही, हे सांगता येत नाही. एकाच दवाखान्याच्या रजिस्टरवरून पाहावं तर वेगळीच अडचण. जिचं रक्त कमी, तिला सिस्टर जास्त गोळ्या देतात. मग तक्ता सांगतो, गोळ्या जास्त तिथे ॲनिमिया जास्त.

त्या लाल गोळीतल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट परळला सुरू झाली. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स लंडनहून मुंबईला आल्या. गरोदर बायकांना, त्यातही गरीब कामकरी बायकांना जीवघेणा ॲनिमिया होत होता आणि कारण सापडत नव्हतं. हाफकिन संस्थेत बसून त्यांनी एम. एम. मेहता यांच्यासोबत रक्ताचा अभ्यास केला. एस. एन. तळपदे यांच्यासोबत केलेल्या पाहणीत बायका काय खातात, कशा परिस्थितीत राहतात, याची नोंद घेतली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात त्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात, हे विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं, आणि विल्स यांच्या अर्कातला गुणकारी घटक तोच होता.

मला या गोष्टीतला उंदरांचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मुंबईच्या गरीब बायकांसारखा आहार देऊन विल्स यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष पुढे संशयास्पद ठरले. उंदरांना उवांमार्फत बार्टोनेलाचा संसर्ग झालेला होता, आणि त्याने मुळातच ॲनिमिया होतो. प्रयोग माकडांवर पुन्हा करावे लागले. हे शक्य झालं, कारण उंदरांना काय खाऊ घातलं, किती दिवस, कोणाला यीस्ट दिलं, हे सगळं लिहिलेलं होतं. उंदरांचा पुरावा बाजूला काढता आला आणि बायकांचा पुरावा उभा राहिला.

उलट गोष्ट अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल, हे जनुकांवरून सांगण्याचा तिथला दावा किथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्ज या संख्याशास्त्रज्ञांनी तपासला. रीत दिलेली नव्हती, म्हणून त्यांना छापलेल्या उत्तरांवरून उलटं मागे जावं लागलं. जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकलेली आढळली. औषधांच्या चाचण्या तोवर खऱ्या रुग्णांवर सुरू झाल्या होत्या.

आमच्या कामाची शिस्त जुन्या हिशेबनीसांना ओळखीची वाटेल. कीर्दीत खाडाखोड नाही. आलेली मूळ फाइल कुलूपबंद, तिच्यात एक आकडाही हाताने बदलायचा नाही. १०.७च्या जागी १०७ दिसलं तरी दुरुस्ती कोडच्या ओळीत करायची आणि शेजारी कारण लिहायचं. रजिस्टरमधल्या तारखा दिवस-महिना म्हणून वाचायला लावायच्या आणि पुढे वर्ष-महिना-दिवस अशाच ठेवायच्या. एक्सेलमध्ये ‘१०-११’ असा हिमोग्लोबिनचा गट टाइप केला की त्याची तारीख होते, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दाखवायचं. आर किंवा पायथन या संगणकभाषांची कोणती आवृत्ती वापरली, ते नोंदवायचं. कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला, ते गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत राहतं. अहवालातला आकडा हाताने टाइप करायचा नाही. कोडनेच तो वाक्यात आणून ठेवायचा, म्हणजे मूळ फाइल बदलली की वाक्यही बदलतं.

रीत सगळ्यांना दाखवायची, नोंदी मात्र नाही. नाव काढलं तरी पाडा, वय, जुळी आणि तारीख एवढ्यावरून एखादी बाई ओळखू येते. म्हणून कोड खुलं ठेवायचं आणि त्यासोबत बनावट नोंदींची फाइल द्यायची, म्हणजे रीत तपासता येते आणि कुणाचं गरोदरपण चव्हाट्यावर येत नाही.

अशाच एका बनावट फाइलवर मी आणि एका सहकारी मैत्रिणीने एकमेकींशी न बोलता वेगवेगळं कोड लिहिलं. तिच्या उत्तरात माझ्यापेक्षा चार बायका जास्त. तारखा जुळल्या, तिमाह्या जुळल्या, ९९५ दोघींनी वगळलेले. शेवटी त्या चौघींच्या ओळी काढल्या. चौघी पहिल्या किंवा तिसऱ्या तिमाहीतल्या, चौघींचं हिमोग्लोबिन बरोबर ११.०. तिने ‘११ किंवा कमी’ लिहिलं होतं, मी ‘११पेक्षा कमी’. आम्ही व्याख्या पुन्हा वाचली आणि त्या ओळीच्या वर मराठीतच टीप टाकली: ‘११.० म्हणजे ॲनिमिया नाही. व्याख्येत “पेक्षा कमी” आहे.’