मोडायला काढण्याआधी तपासून घ्या

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीच्या फीसाठी सासूबाईंची वज्रटीक मोडायला काढली होती. सराफाने हातात तोलूनच रक्कम सांगितली. आम्ही म्हटलं, थांबा, आधी नीट तपासून घेऊ.

जुन्या वज्रटिकेत, बोरमाळेत बऱ्याचदा लाख भरलेली असते. म्हणून सोन्याचं वजन किती, लाखेचं किती, हे वेगवेगळं विचारा. सोन्याची शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात फी भरून तपासून मिळते. २२ कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. अहवाल लेखी घ्या, मग दोन-तीन सराफांकडे भाव विचारा. मोडीत घडणावळ मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

जुनी नाणी चिंचेने, राखेने घासू नका, किंमत उतरते. ‘तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे.

शेतात नांगरताना पुरलेला हंडा सापडला तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. लपवलं तर गुन्हा होतो. कळवलं तर कायद्याने वाटा मिळू शकतो.

आणि त्या ताई? अहवाल हातात आल्यावर त्यांनी फीपुरतं गटातून कर्ज घेतलं. वज्रटीक पेटीत परत गेली. आता ती लेकीची.