समृद्धीमुळे भंडारदरा जवळ आलं, मग धरणाच्या काठावर गाड्या का अडकतात?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम. इथल्या माणसाला थंड हवेचं ठिकाण म्हटलं की आधी आठवायचं ते चिखलदरा. सह्याद्री म्हणजे लांबचा पल्ला. एक दिवस जायला, एक दिवस यायला, मग फिरायचं कधी?

समृद्धी महामार्गाने हे गणित बदललं. 26 मे 2023 ला शिर्डी ते भरवीर हा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपासून थेट इगतपुरी तालुक्यापर्यंत गाडी जाऊ लागली. मेहकरजवळ समृद्धीवर चढायचं, तीनशेहून थोडे जास्त किलोमीटर कापायचे आणि भरवीरला उतरायचं. तिथून घोटी, मग बारीचा घाट आणि पुढे शेंडी. शेंडी म्हणजेच आपण ज्याला भंडारदरा म्हणतो ते गाव. पहाटे निघालेलं कुटुंब दुपारच्या जेवणाला धरणाच्या काठावर पोहोचतं.

पण सुट्टीच्या दिवशी खरी परीक्षा इथूनच सुरू होते.

आधी हा तलाव समजून घेऊ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर विल्सन धरण आहे. ते 1926 मध्ये पूर्ण झालं. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं गेलं. धरणामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. त्यात साधारण 11 टीएमसी पाणी मावतं. पर्यटकांसाठी हा तलाव असला, तरी खालच्या अकोले, संगमनेर, श्रीरामपूर भागातल्या शेतीसाठी ते वर्षभराचं पाणी आहे.

या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जातो. तिथून साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावं घेत पुन्हा शेंडीला येतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. वाटेत सांदण दरी, रतनगड आणि अमृतेश्वराचं जुनं मंदिर. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, उंची 1,646 मीटर, तेही याच भागात.

मग गाड्या अडकतात कशा?

समृद्धीवर गाड्या ताशी 120 किलोमीटरने येतात आणि शेवटी पोहोचतात गावातल्या अरुंद रस्त्यावर. महामार्ग रुंद झाला, पण बैलगाडी, एसटी आणि दुधाच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात तो काही तेवढा वाढला नाही.

साधा हिशेब करू. मागचं-पुढचं अंतर धरून एका कारला 7 मीटर जागा लागते. 300 कार एका रांगेत थांबल्या तर रांग 2 किलोमीटरच्या वर जाते. एका कारमध्ये चार माणसं धरली तर ही माणसं किती? फक्त 1,200.

आता हिवरा आश्रमाची महापंगत आठवा. जानेवारीतल्या विवेकानंद जन्मोत्सवात लाखोंची पंगत बसते. माणसं ओळीने जागेवर बसतात आणि पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून त्यांच्यापर्यंत येते. एवढी गर्दी असूनही पंगत पार पडते, कारण कुणी कुठे बसायचं आणि वाढणाऱ्याने कुठून जायचं हे आधी ठरलेलं असतं.

तलावाकाठी नेमकं उलट होतं. प्रत्येकाला आपली गाडी पाण्याच्या अगदी जवळ न्यायची असते. एक जण फोटोसाठी कडेला थांबतो. समोरून टेम्पो ट्रॅव्हलर येते. मागचा ओव्हरटेक करायला तोंड घालतो, की दोन्ही बाजू बंद. त्या रांगेत पर्यटकांसोबत बाळंतपणासाठी निघालेली गावातली बाईही अडकते, कारण तिलाही दवाखान्यात जायला रस्ता हाच.

काजव्यांचा प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला इथली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लखलखतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

काजवा चमकतो तो जोडीदार शोधण्यासाठी. नर उडत उडत ठरावीक लयीत चमकतो आणि मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच असतं. त्यात रात्रभर हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश पडले, तर एकमेकांचा इशाराच दिसत नाही. मिलन नाही तर अंडी नाहीत आणि अंडी नाहीत तर पुढच्या हंगामात काजवे कमी. अळ्या जमिनीत वाढतात, त्यामुळे झाडाखाली गाड्या लावल्या किंवा माणसं हिंडली तर त्याही चिरडतात.

या गावांमधल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांसाठी काजव्यांचे दिवस आणि पावसाळा हे कमाईचे दोन हंगाम. जेवण, मुक्काम, वाटाड्या यातून हातात पैसा येतो. काजवे गेले तर त्यातला एक हंगाम जाईल.

तुम्ही जाणार असाल तर

- शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी किंवा बुधवारी हाच रस्ता मोकळा मिळतो.
- समृद्धीवर निघण्याआधी टायरची हवा तपासा आणि मध्ये थांबत चला. सरळ रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालवली की डुलकी लागते.
- गर्दीच्या दिवसांत पोलीस कधी कधी एकेरी वाहतूक लावतात. आधी चौकशी करा आणि ठरलेल्या दिशेनेच फिरा.
- गाडी गावातल्या पार्किंगमध्ये लावा, पुढे चालत जा. वळणावर आणि पुलावर फोटोसाठी थांबू नका.
- काजवे पाहायचे तर उजेडातच पोहोचा. अंधारात टॉर्च, फ्लॅश आणि गाणी बंद. रात्रीच्या प्रवेशाची वेळ वनविभाग ठरवतो, ती विचारून घ्या.
- गावातल्या घरी मुक्काम करा. भात, नागलीची भाकरी मिळेल, तुमचे पैसे गावातच राहतील आणि रात्री अंधारात परतणारी एक गाडी कमी होईल.
- पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नका. पाणी अचानक वाढतं. जलाशयातही पोहू नका.

हिवरा आश्रमहून भंडारदरा आता एका दिवसात गाठता येतं, म्हणून एकाच दिवसात जाऊन यायचा मोह होतो. तोच टाळा. दोन रात्री काढल्या तर वळसा शांतपणे पूर्ण होतो आणि परतीचे तीनशे किलोमीटर झोपेत गाडी चालवावी लागत नाही.