बदलीची बसगाडी



मुंबईच्या रस्त्यांवरून ट्राम गेली, त्याला आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मार्गावरचे उतारू बसमध्यें बसूं लागले. तेथें ट्रामच्या जागीं बस आली ती कायमची. परंतु ज्या शहरांनीं ट्राम ठेविली आहे, त्या शहरांतहि तिच्या जागीं बस येत असते. मात्र ती बदलीची म्हणून येते. गिरणींतील कायमचा कामगार रजेवर गेला म्हणजे बदलीवाला उभा राहतो, तसाच हा प्रकार. रूळ उखडलेले आहेत, नवे बसेपर्यंत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बस धांवेल, अशी पाटी थांब्यावर लागते. दिसावयास गोष्ट साधी आहे. पण ती पाटी वाचणाऱ्या उतारूच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. उद्यां मी वेळेवर कामावर पोहोंचेन काय? आणि माझी ट्राम खरोखरच परत येईल काय?

या दोन प्रश्नांचा विचार करण्यासाठीं मीं कॅनडांतील टोरांटो शहर निवडलें आहे. उत्तर अमेरिकेंतील ट्रामचें सर्वांत मोठें जाळें त्या शहरांत आहे, आणि रूळदुरुस्तीसाठीं बस घालण्याचा प्रसंग तेथें कोठें ना कोठें वारंवार येत असतो.

प्रथम रुळांविषयीं. आगगाडीचे रूळ खडीवर उघडे पडलेले असतात. एखादा स्लीपर कुजला तर चार मजूर तो काढून दुसरा सरकवितात. ट्रामचे रूळ रस्त्याच्या पोटांत पुरलेले. त्यांच्यावरून मोटारी आणि मालाचे खटारे जाणार, फटींतून पाणी झिरपणार, आणि टोरांटोसारख्या थंड मुलखांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यावर टाकलेलें मीठ लोखंडास खाणार. अशा रुळाला हात लावावयाचा म्हणजे सगळा रस्ताच फोडावा लागतो. सरळ मार्गावरचे रूळ पंचवीस-तीस वर्षें टिकावेत अशी अपेक्षा असते. चौकांतील वळणांचे आणि सांध्यांचे रूळ त्याहून पुष्कळ लौकर झिजतात.

टोरांटोंत १८६१ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १८९२ सालीं विजेची आली. १९२१ सालीं शहराच्या वाहतूक कमिशननें खाजगी कंपनीकडून कारभार हातीं घेतला, तेव्हां त्याच्यापुढें पहिलें मोठें काम आलें तें झिजलेले रूळ नव्यानें घालण्याचेंच. पुढें काळ पालटला. मोटारगाडी हेंच प्रगतीचें वाहन असें सर्वांस वाटूं लागलें, आणि १९६६ सालीं कमिशननें १९८० पर्यंत सर्व ट्राम बंद करण्याचा बेत केला. नागरिकांच्या एका समितीनें चिकाटीनें वाद घातला, आणि १९७२ च्या नोव्हेंबरांत तो बेत रद्द झाला.

येथवरची कथा आनंदाची आहे. परंतु रस्त्याखालचें बांधकाम हें वरच्या ठरावाइतक्या लौकर बदलत नाहीं. जी ट्राम थोड्या वर्षांची सोबती आहे, तिच्यासाठीं उत्तम रूळ कोण घालणार? त्या काळच्या पद्धतीनें रुळांचे सांधे न जोडतां ठेवीत, खालीं साधे लाकडी स्लीपर घालीत, आणि वर सरळ काँक्रीट ओतीत. ट्राम वाचली तरी ती पद्धत कांहीं वर्षें तशीच चालू राहिली. प्रत्येक सांध्यावर चाक आदळे, तो हादरा काँक्रीटला बसे, काँक्रीटला भेग पडे, भेगेंत पाणी शिरे. पंधरा-वीस वर्षांतच रस्ते खिळखिळे झाले. पुढें किती तरी वर्षें टोरांटोचा उतारू जो बदलीच्या बसमध्यें उभा राहिला, तो या काटकसरीचें व्याज फेडीत होता असें म्हटलें तर तें अन्यायाचें होणार नाहीं.

१९९० नंतरच्या दशकांत रीत बदलली. आतां खालीं काँक्रीटचा पाया घालतात, त्यावर पोलादी स्लीपर बसवितात, आणि हादरा रस्त्यांत उतरूं नये म्हणून रुळाला रबराचें आवरण चढवितात. सांधे वितळवून एकजीव करतात. त्यासाठीं ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचें ऑक्साइड यांचें मिश्रण पेटवितात. त्यांतून निघणारें तप्त लोखंड सांध्यांत ओतलें जातें. अशा रचनेचा फायदा हा कीं, पुढच्या खेपेस केवळ वरचा थर फोडून रूळ बदलतां येतो, पायाला हात लावावा लागत नाहीं. चौकांतील वळणांचे गुंतागुंतीचे तुकडे आगाऊच आवारांत जुळवून ठेवतात आणि क्रेननें उचलून जागेवर बसवितात. इतकें असूनहि एखादा चौक कित्येक आठवडे बंद राहतोच, कारण काँक्रीट घट्ट होण्यास त्याचा वेळ द्यावा लागतो. शिवाय रुळांखालचा पाण्याचा नळ जुना झाला असेल तर म्युनिसिपालिटी तोहि त्याच वेळीं बदलून घेते. खोदावयाचें तर एकदांच, हा विचार शहाणपणाचा आहे. मात्र त्यामुळें रुळाचें काम नळाच्या कामासाठीं खोळंबून राहतें, आणि पाटीवरची तारीख पुढें सरकते.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. ट्राम गेली, बस आली. मग उशीर कां व्हावा? याचें उत्तर थोड्या अंकगणितांत आहे. टोरांटोंतील हल्लींची ट्रामगाडी पांच भागांची आणि सुमारें ३० मीटर लांब आहे. गर्दीच्या वेळीं एका गाडींत सरासरीनें १३० माणसें धरतात. १२ मीटरच्या साध्या बसमध्यें हाच आंकडा पन्नाशीच्या आसपास येतो. दर पांच मिनिटांस एक याप्रमाणें तासांत बारा ट्रामगाड्या जात असतील, तर त्यांच्यांत १५६० उतारू मावतात. तितकेच उतारू न्यावयास एकतीस-बत्तीस बसगाड्या पाहिजेत. म्हणजे दर दोन मिनिटांस एक, आणि प्रत्येकीवर एक ड्रायव्हर. बारा माणसांचें काम बत्तीस माणसांवर गेलें! ह्या बसगाड्या आणि हे ड्रायव्हर कोठें शिलकींत ठेवलेले नसतात. ते दुसऱ्या मार्गांवरून काढावे लागतात, आणि म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोंकास, जेथें रूळच नाहींत, अशा माणसालाहि आपली बस विरळ झाल्याचा अनुभव येऊं शकतो.

बरें, बत्तीस बसगाड्या मिळाल्या असें समजूं. त्या दोन-दोन मिनिटांच्या अंतरानें सुटतीलहि, परंतु त्या अंतरानें पोहोंचणार नाहींत. पहिली बस एखाद्या सिग्नलपाशीं अडकली कीं, पुढच्या थांब्यावर तिच्यासाठीं नेहमींपेक्षां अधिक माणसें जमतात. तीं चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो, म्हणून त्यापुढच्या थांब्यावर त्याहून अधिक. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र थांब्यावर कोणी भेटतच नाहीं. ती झपाट्यानें येऊन पहिलीला चिकटते. मग तिसरीहि येते. मुंबईंत ज्यांनीं अर्धा तास वाट पाहून एकाच क्रमांकाच्या तीन बस एकापाठीं एक येतांना पाहिल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. यांत ड्रायव्हरचा आळस नसतो. बस जितक्या जवळ जवळ सोडाल, तितका हा गुंता लौकर होतो. यावर खरा उपाय एकच आहे: वेळापत्रकाचा हट्ट सोडून शेवटच्या थांब्यावर अधिकाऱ्यानें बस रोखून धरावी आणि अंतर राखून सोडावी. हा उपाय आंत बसलेल्या उतारूंना अजिबात आवडत नाहीं, हेंहि खरें आहे.

शिवाय बसला रस्ता तरी कोठला मिळतो? अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्या अर्ध्यांत सर्व वाहनें. म्हणून बस पुष्कळदां शेजारच्या समांतर रस्त्यानें वळवितात आणि थांबा सरकतो. तरुण माणसास हा दोन फर्लांगांचा फेरा म्हणजे कांहींच नाहीं. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेस बर्फाच्या दिवसांत तोच फेरा घरीं बसविण्यास पुरेसा होतो. टोरांटोंत ट्राम रस्त्याच्या मध्यभागीं उभी राहते, आणि उतारू चढत-उतरत असतांना मागच्या मोटारींनीं उघड्या दारापासून किमान दोन मीटर मागें थांबावें असा त्या प्रांताचा कायदा आहे. बस फूटपाथला लागते. तिला मोटारींच्या प्रवाहांतून बाहेर पडावें लागतें आणि पुन्हां आंत शिरण्यासाठीं वाट पाहावी लागते. प्रत्येक थांब्यावर अशीं कांहीं सेकंदें गेलीं कीं, सगळ्या प्रवासाचीं मिनिटें होतात.

दुकानदारांचा त्रास निराळा. सेंट क्लेअर या रस्त्यावर ट्रामसाठीं स्वतंत्र पट्टा बांधण्याचें काम २००५ सालीं हातीं घेतलें, तें एका दाव्यामुळें अडलें, मग तुकड्यातुकड्यांनीं चाललें, आणि पश्चिमेच्या अखेरच्या टोंकापर्यंत ट्राम पुन्हां पोहोंचली ती २०१० च्या जूनअखेर. पांच वर्षें दारांत खड्डा असलेल्या दुकानदारानें ट्रामचें गुणगान करावें, अशी अपेक्षा कोणी करूं नये.

तथापि सेंट क्लेअरची ट्राम परत आली. आणि येथें दुसरा प्रश्न येतो, जो माझ्या मतें पहिल्यापेक्षां मोठा आहे. उशीर माणूस सोसतो. पण आपल्याला फसविलें जात नाहीं ना, हें त्याला कळावयास पाहिजे. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत १९८५ च्या डिसेंबरांत आर्बरवेपर्यंतची ट्राम रस्त्याच्या कामासाठीं तात्पुरती म्हणून थांबविली आणि ३९ क्रमांकाची बस घातली. १९८९ पर्यंत ट्राम अर्ध्या वाटेवरच्या हीथ स्ट्रीटपर्यंत परत आली. पुढील भागांत आजतागायत ती ३९ क्रमांकाची बसच आहे. आपल्या देशांत कलकत्त्याकडे पाहावें. बेहाला ते जोका ही ट्राम २०११ सालीं मेट्रोच्या बांधकामासाठीं बंद झाली. २०२२ च्या डिसेंबरअखेर जोक्याहून मेट्रो धांवूं लागली. ट्राम मात्र परतली नाहीं. आणि २०२४ सालीं तर राज्य सरकारनें एस्प्लनेड-मैदान हा एक मार्ग वगळून तेथील ट्राम बंद करण्याचा बेत जाहीर केला.

या उदाहरणांवरून एक खूण हातीं लागते. रस्ता ट्रामच्याच रुळांसाठीं खोदला असेल, तर ट्राम बहुधा परत येते, कारण त्या कामाचा शेवटच ट्राममध्यें आहे. रस्ता दुसऱ्या कशासाठीं खोदला असेल, तर ट्रामला परत आणणें हें कोणाचेंच नेमलेलें काम राहत नाहीं. टोरांटोंतहि असा प्रसंग आला आहे. क्वीन रस्त्याचा मधला भाग मे २०२३ मध्यें भुयारी रेल्वेच्या स्थानकासाठीं बंद केला, तो साडेचार वर्षांच्या बोलीनें. पण तेथें शेजारच्या ॲडलेड रस्त्यावर ट्रामचे रूळ नव्यानें घालण्याचें काम हातीं घेतलें, कीं ट्रामला वळसा घेऊन कां होईना, जातां यावें. पाटीवरच्या आश्वासनापेक्षां अशा रुळांवर माझा अधिक विश्वास बसतो. उतारूनें पाटी वाचून झाली कीं एकदां वर मान करून पाहावें, विजेच्या तारा जागेवर आहेत किंवा नाहींत. आणि मग चौकशी करावी, कीं ट्रामगाड्या आगारांत दुरुस्त होत आहेत कीं भंगारांत निघाल्या आहेत.

फिलाडेल्फियांत १९९२ सालीं १५ आणि २३ या दोन क्रमांकांच्या ट्राम तात्पुरत्या म्हणून बंद झाल्या. १५ क्रमांकाच्या उतारूंनीं तेरा वर्षें बसनें प्रवास केला, आणि २००५ सालीं त्यांची ट्राम परत आली. गाड्या १९४७ च्या सुमारास बांधलेल्या, नव्यानें दुरुस्त केलेल्या. २३ क्रमांकाच्या मार्गावर मात्र बदलीवालाच कायम झाला.